पहिला महागडा बूट: माप, चामडं आणि आपला पावसाळा

लग्न ठरतं, नवी नोकरी लागते, परदेशातला पहिला पगार हातात येतो, आणि माणूस ठरवतो की आता एक चांगला लेदरचा बूट घ्यायचाच. मॉलमधला दोन-तीन हजारांचा नाही, त्याच्या पाच-दहा पट किमतीचा. एवढे पैसे मोजल्यावर सगळं लक्ष पॉलिशकडे जातं: कुठलं क्रीम, कुठला ब्रश, पुढे आरशासारखी चमक कशी आणायची. पण असे बूट पॉलिशवाचून फारसे वाया जात नाहीत. चुकीच्या मापाने जातात, भिजल्यावर उन्हात ठेवल्याने जातात, आणि आपल्याकडे तर जून ते सप्टेंबर बंद कपाटात पडून राहिल्याने जातात. म्हणून इथे क्रमही तसाच ठेवला आहे. आधी माप, मग वापर आणि विसावा, पॉलिश त्यानंतर. पावसाळ्याला मात्र हात आखडता घेतलेला नाही.

घेण्याआधी तळवा आणि चामडं बघा

महाग बुटाची किंमत वसूल होते ती त्याचा तळवा बदलता येतो म्हणून. बाजारातले बहुतेक फॉर्मल बूट चिकटवलेले असतात. तळवा झिजला की बूट संपला. गुडइयर वेल्ट पद्धतीत वरच्या चामड्याला कडेने एक पट्टी शिवतात, ती वेल्ट, आणि तळवा त्या पट्टीला शिवतात. त्यामुळे तळवा उसवून नवा घातला तरी वरच्या चामड्याला सुई लागत नाही. मधल्या पोकळीत कॉर्क भरलेला असतो. तो वापराने दबत जातो आणि तुमच्या पावलाचा ठसा घेतो. व्हल्कनाइज्ड रबरवाल्या चार्ल्स गुडइयरच्या मुलाने, त्याचंही नाव चार्ल्सच, १८७० च्या आसपास ही शिलाई यंत्रावर आणली.

इंग्लंडमधलं नॉर्दम्प्टन हे या कामाचं माहेरघर. ट्रिकर्स (१८२९), चर्चेस (१८७३), क्रॉकेट अँड जोन्स (१८७९), एडवर्ड ग्रीन (१८९०) हे सगळे तिथलेच. लंडनला कामासाठी असाल तर यूस्टन स्टेशनवरून तासाभराची रेल्वे आहे, आणि काही कारखान्यांच्या दुकानांत बारीकसा दोष असलेले 'सेकंड्स' कमी किमतीत मिळतात. दोष बहुधा इतका किरकोळ असतो की सांगितल्याशिवाय दिसत नाही. आपल्याकडे तमिळनाडूतला आंबूर-राणीपेट पट्टा आणि आग्रा इथले कारखाने वर्षानुवर्षं परदेशी कंपन्यांसाठी बूट बनवत आले आहेत. आता भारतीय नावाचे गुडइयर वेल्ट बूटही सरळ विकत मिळतात. पहिला जोड म्हणून ते घ्यायला मला काहीच हरकत वाटत नाही.

वेल्टवर दिसणाऱ्या टाक्यांवर मात्र विसंबू नका. चिकटवलेल्या बुटालासुद्धा शोभेसाठी टाके घातलेली पट्टी लावतात. आत हात घालून बघा. आतल्या तळव्यावर कडेने टाक्यांची रांग लागली तर ती ब्लेक शिलाई. तिचाही तळवा बदलता येतो, पण त्यासाठी वेगळं यंत्र लागतं आणि ते सगळीकडे नसतं. आत पूर्ण लांबीचं अस्तर चिकटवलेलं असेल तर हाताला काहीच कळत नाही. अशा वेळी विक्रेत्याला सरळ विचारावं, 'याचा तळवा बदलून मिळतो का, कोण करतं?' उत्तर देताना तो घुटमळला तर पुढच्या दुकानात जा.

चामड्याचं बघायचं झालं तर चवड्याजवळ अंगठ्याने हलकं दाबा. वासराच्या चांगल्या, पूर्ण दाण्याच्या, म्हणजे वरचा नैसर्गिक पोत न घासलेल्या चामड्यावर बारीक, दाट सुरकुत्या उमटतात आणि बोट काढलं की जातात. दाणा घासून वर प्लास्टिकसारखा थर चढवलेल्या चामड्यावर जाड, रुंद घडी पडते. असा बूट पहिल्या दिवशी जास्त चकाकतो. वर्षभराने त्या घडीवर थर तडकतो आणि मग कुठल्याही क्रीमने तो बुजत नाही.

पाय मोजा, तोही संध्याकाळी

दिवसभरात पाऊल थोडं सुजतं, म्हणून माप संध्याकाळी घ्यायचं. बुटासोबत जे मोजे घालणार तेच पातळ मोजे घाला. भिंतीला टाच टेकवून कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्याकडून पावलाची रेघ काढून घ्या. स्वतः वाकून काढली तर भार सरकतो आणि माप चुकतं. मग तीन गोष्टी मोजा: टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर, टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यापर्यंतचं अंतर, आणि चवड्याचा घेर. दोन्ही पाय मोजा, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो आणि बूट त्या पायाला घ्यायचा असतो.

दुसरं माप लोक घेत नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच. बूट वाकतो तो एका ठरावीक जागी. तुमचा सांधा त्याच जागी आला पाहिजे. अमेरिकेत सिराक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉकने १९२० च्या दशकात पाय मोजायचं जे धातूचं साधन बनवलं, त्यावर म्हणूनच लांबीच्या बरोबरीने सांध्यासाठी वेगळा सरकता भाग आहे. दोन्ही आकडे वेगळे आले तर मोठा आकडा धरायचा. बोटं आखूड आणि मधला भाग लांब असलेल्या माणसाने फक्त लांबीवर बूट घेतला तर बोटं कुठेच टेकत नाहीत, पण चवडा सतत आवळल्यासारखा राहतो आणि घडी भलत्या जागी पडून बोटांवर घासते. दुकानदार अशा वेळी 'वापराने सैल होईल' म्हणतो. हे होत नाही.

आकड्यांचा घोळ थोडक्यात असा. भारतात जे नंबर चालतात ते इंग्लंडचे. त्यात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटरच्या आत-बाहेर. अर्धा नंबर सव्वाचार मिलिमीटर. युरोपच्या नंबरात एक पायरी पावणेसात मिलिमीटरच्या जवळपास, म्हणून दोन्ही तक्ते कधीच नेमके जुळत नाहीत. अमेरिकेचा आकडा इंग्लंडपेक्षा साधारण एकने जास्त असतो, काही कंपन्यांत अर्ध्याने. रुंदीची अक्षरंही वेगळी. अमेरिकेत पुरुषांची नेहमीची रुंदी डी, इंग्लंडमध्ये कंपनीप्रमाणे ई किंवा एफ. म्हणजे अमेरिकन ई समजून इंग्लिश ई मागवलं तर बूट अरुंद येणार. आणि स्नीकरचा नंबर विसरून जा. बहुतेकांना लेदरच्या बुटात त्यापेक्षा अर्धा ते एक नंबर कमी लागतो.

याच्या वरताण म्हणजे फर्मा, ज्यावर बूट चढवून आकार देतात तो लाकडी किंवा प्लास्टिकचा पाय. एकाच कंपनीचे दोन फर्मे एकाच नंबरात वेगळे बसतात. अमेरिकेतल्या ऑल्डनचा बॅरी फर्मा अर्धा नंबर मोठा येतो, हे तिथला प्रत्येक गिऱ्हाईक जाणतो. एडवर्ड ग्रीनचा २०२ गोलसर आणि पुढे ऐसपैस, तर ८२ जरा निमुळता. लहानपणापासून चपला आणि अनवाणी चालण्यात वाढलेल्यांचा चवडा बऱ्याचदा रुंद असतो, त्यामुळे आपल्यातल्या अनेकांना गोल टोकाचा फर्मा मानवतो. टोकदार इटालियन आकार फोटोत छान दिसतो. पायात घातल्यावर करंगळी दिवसभर तक्रार करते.

दुकानात बूट घालून बघताना

शू हॉर्नने, म्हणजे टाचेमागे धरायच्या वक्र पट्टीने, पाय आत सरकवा. टाच मागे घट्ट टेकवा आणि मगच नाडी बांधा. बसून नाही, उभे राहून बघायचं.

नाडीच्या दोन बाजूंमधलं अंतर आधी तपासा. ऑक्सफर्ड बुटात, म्हणजे ज्याच्या नाडीच्या बाजू खालून शिवलेल्या असतात त्यात, नवा असताना अर्धा ते पाऊण सेंटिमीटर फट हवी आणि ती साधारण समांतर हवी. पहिल्याच दिवशी दोन्ही कडा मिटल्या तर बूट आतून मोठा आहे. पुढे चामडं सैल पडेल, कॉर्क दबेल, आणि आवळायला जागाच उरणार नाही. फट इंग्रजी व्ही सारखी वर फाकली तर तुमचं पाऊल वरून उंच आहे. ऑक्सफर्डचा हट्ट सोडा आणि डर्बी घाला. डर्बीच्या नाडीच्या बाजू वरून शिवलेल्या आणि मोकळ्या असतात. लग्नात कुणी खाली वाकून फरक बघत नाही.

बोटांपुढे एक ते दीड सेंटिमीटर मोकळी जागा असावी. टाच चालताना किंचित उचलली जाणं नव्या बुटात साहजिक आहे, तळवा अजून वाकायला शिकलेला नसतो. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त उचलली जात असेल तर सावध. घोट्याच्या हाडाखाली बुटाची कड टोचत असेल तर टाचेखाली पातळ पॅड घालून पाऊल वर उचलता येतं. चवड्यावर एकसारखा, हात मिळवल्यासारखा दाब असेल तर तो वापराने सुटतो. करंगळीच्या एकाच टोकावर बोचत असेल तर नाही सुटत. रुंदीत चामडं थोडं ऐकतं, लांबीत अजिबात नाही.

ऑनलाइन मागवला असेल तर घरात सतरंजीवर संध्याकाळी वीस मिनिटं चाला. टाइलवर नको, कारण तळव्यावर ओरखडा उठला की परत घेत नाहीत.

थोडा मोठा निघालेला बूट त्याच्या जिभेखाली, म्हणजे नाडीखालच्या पट्टीच्या आतून, फेल्टचा तुकडा चिकटवून बऱ्यापैकी सुधारतो, कारण त्याने पाऊल मागे ढकललं जातं. लहान निघालेल्याचं काही होत नाही. विका किंवा परत करा.

पहिले काही दिवस

बूट किती महिने खोक्यात पडून होता कुणास ठाऊक. पहिल्यांदा घालण्याआधी चामड्याला पातळ हाताने क्रीम लावून रात्रभर ठेवा, म्हणजे पहिली घडी कोरड्या चामड्यावर पडणार नाही. पहिल्या दिवशी दोन-तीन तास पुरे. मुंबईत लोकलने ऑफिसला जाणाऱ्याने पहिल्याच दिवशी नवा बूट घालून दादरचा पूल चढू नये. बूट चावला तर संध्याकाळी घरी परत येईपर्यंत सुटका नाही. चामड्याचा तळवा नवा असताना गुळगुळीत फरशीवर घसरतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर थोडं चाललं की तो खरखरीत होतो.

घड्या पडणार. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. चामडं वाकतं तिथे घडी पडते, मग बूट एक लाखाचा असो. फक्त ती सांध्याच्या जागी, आडवी आणि बारीक असावी.

आता विसावा. दिवसभरात पायाला येणारा घाम आतलं अस्तर आणि आतला तळवा शोषून घेतो. तो सुकायला एक पूर्ण दिवस लागतो, दमट हवेत दोन. म्हणून एकच जोड रोज घालू नका. बूट काढले की लगेच, पायाची ऊब असतानाच, आत लाकडी शू ट्री, म्हणजे पावलाच्या आकाराचा साचा, घाला. रंग किंवा पॉलिश न चढवलेलं साधं लाकूड हवं, ते ओल ओढून घेतं आणि घड्या ताणून ठेवतं. प्लास्टिकचा स्प्रिंगवाला ट्री आकार धरतो, ओलीचं काही करत नाही, आणि त्याचा मागचा गोळा टाचेला एका बिंदूवर दाबत राहतो. पॉलिशच्या डब्यांवर खर्च करण्याआधी ट्रीवर करा. मला विचाराल तर या लेखातला पैसे वाचवणारा एकच सल्ला निवडायचा असेल तर हा. शू हॉर्नही रोज वापरा, आणि नाडी सोडल्याशिवाय बूट उपसून काढू नका. मागची कडक भिंत एकदा चेपली की चेपलीच.

पॉलिश: कमी, पातळ, क्वचित

शाळेत रोज सकाळी काळ्या बुटांना चेरी ब्लॉसम फासायची सवय आपल्या हातात मुरलेली आहे. ते बूट वरून थर दिलेल्या चामड्याचे होते, मेण वरच बसायचं, बिघडण्यासारखं काही नव्हतं. वासराच्या चामड्यावर रोज मेण चढवलं तर थरावर थर साचतात, घडीत तडकतात, आणि चामडं खाली कोरडं राहतं.

रोजचं काम फक्त ब्रशचं. घोड्याच्या केसांच्या ब्रशने घरी आल्यावर अर्धा मिनिट झटका. धूळ घडीत बसली की चालताना चामडं तिथे घासलं जातं. बूट फुटायची सुरुवात बहुधा तिथूनच होते. आठ-दहा वेळा घालून झाला की क्रीम. ते असं:

१. नाड्या काढा, आत ट्री असू द्या. ब्रशने धूळ झाडा, वेल्टच्या खाचेतली जुन्या टूथब्रशने.
२. सुती कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळून सगळीकडून एकदा फिरवा. दहा मिनिटं वाळू द्या.
३. जुन्या बनियनचा तुकडा दोन बोटांना गुंडाळून, गव्हाच्या एक-दोन दाण्यांएवढं क्रीम घ्या. एका बुटाला एवढंच लागतं. घड्यांपासून सुरुवात करून छोट्या गोलाकार हाताने पसरवा.
४. पंधरा मिनिटांनी ब्रश मारा. ब्रश जोरात नको, जलद हवा. ऊब येते आणि चमक वर येते.
५. दोन-तीन वेळा क्रीम झालं की एकदा मेणाचं पॉलिश, तेही पातळ.

क्रीममध्ये तेल, मेण आणि रंग असतो. ते चामड्याला मऊ ठेवतं आणि फिकट झालेला रंग भरतं. डबीतल्या घट्ट पॉलिशमध्ये मेण मुख्य, ते पाण्याचे शिंतोडे अडवतं आणि चमक देतं. तपकिरी बुटाला रंग घेताना शंका असेल तर एक छटा फिकट घ्या. गडद रंग चढतो, उतरत नाही.

आरशासारखी चमक हवी असेल तर ती फक्त टोकावर आणि टाचेच्या मागच्या भागावर करा. तिथे आत कडक पॅड असतं, चामडं वाकत नाही, म्हणून मेणाचा थर टिकतो. पातळ मेण, बोटाच्या टोकाने पाण्याचा एकच थेंब, पुन्हा मेण, असं करत जायचं. घडीच्या जागी तोच थर पहिल्याच चालण्यात पांढरा होऊन फुटतो. वर्षातून एक-दोनदा सौम्य क्लीनरने जुनं मेण उतरवा. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर लावाल तर मेणाबरोबर रंगही येईल. स्पंजच्या टोकाची बाटलीतली पातळ चमक टाळा, ती चामड्यावर प्लास्टिकची साय धरते.

आणि तेल. कोल्हापुरी पायताणाला आपण तेल पाजतो, ते बरोबरच आहे. ते चामडं बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं, जाड, अस्तर नसलेलं असतं आणि तेल पिऊन मऊ पडतं. ड्रेस बुटाचं वरचं चामडं सहसा क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं, जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचं. त्याला खोबरेल पाजलं की ते काळपट होतं, ढिलं पडतं, पॉलिश धरत नाही, आणि आतल्या चिकटवलेल्या थरांपर्यंत तेल झिरपतं. घरातल्या मोठ्यांनी प्रेमाने तेलाची वाटी पुढे केली तर तळव्याच्या कडांना बोटभर लावा, त्यांचंही मन राहील.

स्वेडला, म्हणजे लव असलेल्या मखमली चामड्याला, यातलं काहीच नाही. क्रेपचा किंवा तारेचा मऊ ब्रश, डागाला खोडरबर, आणि नवीन असतानाच पाणी अडवणारा स्प्रे. देखभालीला सगळ्यात सोपं चामडं हेच, लोक उगीच घाबरतात.

पावसाळा

मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. साधारण सत्तरच्या पुढे गेली की चामड्यावर बुरशी धरते. तिला खायला बुटात सगळं असतं: घाम, क्रीममधलं तेल, अस्तरावरचा मळ. त्यामुळे ठेवायची जागा आणि ठेवण्याआधीची सफाई, दोन्ही महत्त्वाचं.

मेअखेर चामड्याच्या तळव्याचे बूट बाहेर काढा. आतून-बाहेरून ओलसर कापडाने पुसा, दोन दिवस पंख्याखाली सुकवा. या वेळी क्रीम अगदी नावापुरतं लावायचं. जाड थर लावून ठेवलेल्या बुटावर बुरशी आधी येते. आत ट्री घाला आणि सुती पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. जिन्यातलं बंद दाराचं शू रॅक ही घरातली सगळ्यात वाईट जागा. बेडरूममधल्या कपाटाचा वरचा कप्पा बरा, तोही बाहेरच्या भिंतीला टेकलेला नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात तर लक्षात असू द्या की त्या आठवड्या-दोन आठवड्यांत भरतात; रंग बदलणाऱ्या दाण्यांच्या घेतल्या तर कळतं, आणि त्या तापवून पुन्हा वापरता येतात. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही. दर आठ-दहा दिवसांनी बूट बाहेर काढा, ब्रश फिरवा, तासभर वाऱ्याला ठेवा. नुसतं कपाट उघडून बघण्यापेक्षा याने खूप फरक पडतो.

पांढरं काही दिसलं की घाबरून व्हिनेगर ओतू नका. ती बुरशीच असेल असं नाही. चामड्यातलं तेल-मेण वर येऊनही पांढरी धूळ धरते. हेअर ड्रायर लांबून, कोमट हवेवर, दोन-चार सेकंद फिरवा. पांढरं वितळून दिसेनासं झालं तर ते मेण; ब्रश मारा, संपलं. तसंच राहिलं, जरा लव असल्यासारखं दिसलं आणि कुबट वास आला, तर बुरशी. मग बूट गॅलरीत न्या, तोंडाला मास्क लावा, वेगळ्या जुन्या ब्रशने कोरडं झाडा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन कापड जेमतेम ओलं करून आतून-बाहेरून, शिलाईच्या खाचांतून आणि जिभेखाली पुसा. सावलीत वाऱ्याला दोन दिवस वाळू द्या. लाकडी ट्रीसुद्धा पुसा, नाहीतर बुरशी तिथून परत येते. शेजारच्या बुटांवर दिसत नसली तरी तेही पुसून घ्या. क्रीम त्यानंतर आठवड्याने.

भिजलाच तर? आधी पाणी टिपून घ्या. आत वर्तमानपत्राचे बोळे सैलसर भरा, तासाभराने बदला. बूट आडवा कुशीवर ठेवा म्हणजे तळव्याला हवा लागेल. उभा ठेवला तर तळवा खालून ओलाच राहतो आणि शिलाईचा दोरा कुजतो. बराचसा सुकला की ट्री घाला. दोन दिवस त्याला हात लावू नका. ऊन नको, ड्रायर नको, फ्रिजच्या मागे नको, गॅसजवळ तर नकोच. आतला तळवा, वेल्ट आणि बाहेरचा तळवा बहुधा साल-फळांनी कमावलेल्या चामड्याचे असतात, आणि ओलं असताना ते चामडं क्रोमवाल्यापेक्षा बरंच कमी उष्णतेत आक्रसतं. म्हणजे वरून बूट धड दिसतो आणि आतला तळवा पापडासारखा वाकून कडक होतो. वाळल्यावर पाण्याची रेघ उमटली तर फक्त त्या जागी चोळू नका, पूर्ण बूट ओल्या कापडाने सारखा पुसा. शिकागो किंवा टोरांटोतल्या मंडळींना बर्फावर टाकलेल्या मिठाची पांढरी रेघ येते, तिलाही हाच उपाय, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून. मात्र ती त्याच संध्याकाळी पुसा.

पावसाळ्यात लेदर घालावंच लागत असेल तर रबरी तळव्याचा वेल्ट बूट घ्या. इंग्लंडमधल्या मार्केट हार्बरोत बनणारे डेनाइटचे गोल बटणांचे तळवे प्रसिद्ध आहेत, तशा धर्तीचे इतर अनेकही मिळतात. ओल्या, गुळगुळीत ग्रॅनाइटवर तेही घसरतात, एवढं ध्यानात ठेवा. चामड्याच्या तळव्यावर पातळ रबर चिकटवून घ्यायचं की नाही यावर शौकिनांत कायम भांडण चालू असतं. मुंबई-रत्नागिरीला मी म्हणेन बिनदिक्कत लावा. नागपूर-संभाजीनगरच्या त्यामानाने कोरड्या हवेत नाही लावलं तरी चालेल. एक मात्र: फोमसारख्या हलक्या पीयू (पॉलियुरेथेन) तळव्याचे बूट 'जपून' ठेवू नका. दमट हवेत ते न वापरताही आतून फुटतात आणि चार-पाच वर्षांनी लग्नाच्या दिवशी मांडवात भुगा होतो.

तळवा बदलताना

आधी टाचेची रबरी टिकली बघा. ती झिजून वरच्या चामड्याच्या थरापर्यंत पोचायच्या आत बदला. कोपऱ्यावरचा कुठलाही चांगला मोची हे काम तासाभरात करून देतो. पुढचं टोकही लवकर झिजतं, कारण नवा तळवा वाकत नाही आणि पाऊल उचलताना टोक घासतं. तिथे छोटी धातूची किंवा रबराची टिकली बसवून घ्या. झीज वेल्टपर्यंत गेली तर काम वाढतं.

तळव्याच्या मधोमध, चवड्याखाली, महिन्यातून एकदा अंगठ्याने दाबून बघा. मऊ, स्पंजासारखं लागलं की वेळ झाली. भोक पडेपर्यंत थांबलात तर पाणी कॉर्कमध्ये शिरतं आणि आतला तळवा कुजतो. नीट वापरलेल्या वेल्ट बुटाचा तळवा दोन-तीनदा तरी सहज बदलता येतो.

नॉर्दम्प्टनच्या बऱ्याच कंपन्या बूट परत कारखान्यात घेऊन मूळ फर्म्यावर चढवून काम करतात. खर्च आणि कुरिअर मिळून रक्कम जड होते, पण आकार शाबूत राहतो. इथे करून घ्यायचं असेल तर देण्याआधी तीन प्रश्न विचारा. वेल्टला तळवा शिवणार की चिकटवणार? आतला कॉर्क बदलणार का? काम करताना बुटात फर्मा घालणार का? आरी-रापीवर हात बसलेला कारागीर वेल्टची शिलाई हातानेही उत्तम करतो, यंत्र नाही म्हणून त्याला बाद करू नका. मात्र कडा गुळगुळीत करायला तो घासणीच्या यंत्रावर बूट धरणार असेल तर आधीच सांगा की वेल्ट कमीत कमी घासा. ती प्रत्येक वेळी बारीक होत गेली तर पुढच्या खेपेला टाके घालायला जागा उरत नाही.

काम होऊन आलेला बूट सुरुवातीचे काही दिवस पुन्हा जरा घट्ट वाटतो. कॉर्क नवा असतो, अजून दबलेला नसतो. लगेच स्ट्रेच करायला देऊ नका, घरात दोन-तीन संध्याकाळ सतरंजीवर घाला.